तात्पुरती ओळ

शुक्रवारी सकाळी सिहामने चौथ्यांदा सॉफ्टवेअरचा बिल्ड लावला आणि चौथ्यांदा तो अर्ध्यावर येऊन मेला. पडद्यावर लाल अक्षरांची तीच रांग उभी राहिली. तिने टेबलावर मूठ आपटली, चहाचा ग्लास हलला, आणि समोरच्या टेबलावरचा मुनीर कानातलं गाणं बंद करून शहाण्यासारखा गप्प बसला.

गप्प बसून त्याची सुटका होणार नव्हती. बुधवारी पॅकेजं नवी करण्याचं काम त्याने केलं होतं, म्हणजे घाण त्याचीच, असं सिहामने मनाशी ठरवून टाकलं होतं. काय काय बदललंस ते आत्ता सांग, मी शोधून काढलं तर वाईट होईल, असं तिने त्याला सुनावलं. फक्त नकाशाचं पॅकेज बदललं, आईची शपथ, मुनीर म्हणाला. आईला मध्ये आणू नकोस म्हणून तिने त्यावरही त्याला झापलं, त्याचा बदल काढून टाकला आणि पाचव्यांदा बिल्ड लावला. तोही मेला. म्हणजे मुनीर निर्दोष होता. तिने त्याची माफी मागितली नाही, कारण तेवढा वेळ नव्हता. निदान स्वतःला तरी तिने तसं सांगितलं.

वेळ खरंच नव्हता. मेकनेस शहरातल्या या छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर आसपासच्या डायलिसिस केंद्रांच्या गाड्यांसाठी होतं. कुठल्या पेशंटला किती वाजता घरून उचलायचं, ते ड्रायव्हरच्या फोनवर यायचं. परवा रविवारी रमजानसाठी सगळ्या देशाची घड्याळं एक तास मागे जाणार होती, आणि ईद झाली की पुन्हा एक तास पुढे. दरवर्षीचाच हा खेळ. जुना तास, नवा तास करता करता निम्मा देश एखाद्या दिवशी कुठेतरी उशिरा पोचतो आणि उरलेला निम्मा त्याला हसतो. पण मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला उशीर झाला तर हसण्यासारखं काही नसतं. आज पाचच्या आत नवी आवृत्ती केंद्रांकडे गेलीच पाहिजे, असा मालकाचा, म्हणजे सगळे मानाने सी जवाद म्हणत त्याचा, हुकूम होता. "गेल्या वर्षीसारखं नको," एवढं बोलून तो आपल्या खोलीत गेला होता.

गेल्या वर्षीचं ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. ईदनंतरच्या सोमवारी शहरातल्या केंद्राचा ड्रायव्हर बा अलाल, सगळे मानाने लाला बतूल म्हणत त्या म्हातारीला न्यायला सातऐवजी आठला गेला. तोवर तिचं मशीन दुसऱ्याला दिलं गेलं होतं. तिला घरी परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत पाणी भरलं आणि ती अकरा दिवस हॉस्पिटलात पडून राहिली. वाचली, हे नशीब. बा अलाल चौदा वर्षं ती गाडी चालवत होता. बाकीच्या पेशंटांच्या वेळा त्याला, सगळ्याच ड्रायव्हरांसारख्या, तोंडपाठ होत्या, फक्त लाला बतूलची वेळ त्याच आठवड्यात दुपारवरून सकाळवर आली होती, म्हणून तो फोन बघून गेला. फोनवर आठ होते, असं तो सांगत राहिला. कोण ऐकतो? हा माणूस सरकारचा नवा तास मानतच नसे. मनगटावर बारा महिने जुना तास, आणि कुणी छेडलं तर सांगायचा, माझा तास देवाचा, तुमचा मंत्र्याचा. त्याच्या घड्याळात सात म्हणजे सगळ्यांचे आठ. आणखी काय पुरावा हवा? सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्याला काढून टाकलं.

सिहामने बा अलालचा विचार डोक्यातून झटकला आणि लाल अक्षरं पुन्हा पहिल्यापासून वाचली. बिल्ड म्हणजे तरी काय, तर आपण लिहिलेल्या चार ओंजळी आणि जगभरच्या अनोळखी लोकांनी लिहिलेली शे-दीडशे पॅकेजं यांची मोट बांधणं. प्रत्येक पॅकेजचा आपला हट्ट असतो, मला अमुक हवं आणि अमुक आवृत्तीचंच हवं. दोघांचे हट्ट जुळले नाहीत की बिल्ड थांबतो. इथे भांडण घड्याळाच्या कोष्टकावरून होतं. कुठल्या देशाचं घड्याळ कुठल्या तारखेला पुढेमागे होतं, याचं ते कोष्टक. गाड्यांचा भाग नवं कोष्टक मागत होता. हजेरीचे दाखले छापणारं एक जुनाट पॅकेज मात्र जुन्याच कोष्टकाला चिकटून बसलं होतं, आणि ज्याने ते लिहिलं होतं तो इसम कधीच ते टाकून पसार झाला होता.

एवढं तिला दहा मिनिटांत कळलं. तिचं डोकं फिरवणारी गोष्ट वेगळीच होती. दाखल्यांचं पॅकेज दोन वर्षांपासून तिथेच होतं, हट्टही तोच होता. मग गेल्या आठवड्यापर्यंत बिल्ड चालत कसा होता?

तिने साठवलेलं सगळं पुसून पॅकेजं नव्याने उतरवली. फरक नाही. दुसऱ्या नावाने, कोऱ्या जागेत, पहिल्यापासून सगळं उभं केलं. फरक नाही. तिच्या लॅपटॉपवर मात्र सगळं सुरळीत चालत होतं, जणू काही झालंच नाही, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. दुपारी मुअज्जिनची बांग झाली, मुनीर आणि सी जवाद नमाजाला गेले, खालच्या घरांतून शिजणाऱ्या कुसकुसचा वास जिन्याने वर आला, पण ती जागची उठली नाही.

एक वाजता तिला उत्तर सापडलं. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनी सोमवारी बिल्ड लावणारं साधनच नवं केलं होतं. जुनं साधन एक विशिष्ट सूचना पाळायचं, नवं साधन ती सूचना ओळखतच नव्हतं. ही सूचना प्रकल्पात कुठेच लिहिलेली नव्हती. ती थेट सर्व्हरच्या मांडणीत, जिथे कुणी कधी डोकावत नाही अशा फाइलमध्ये बसली होती. एकच ओळ. तिचा साध्या भाषेत अर्थ असा, की भांडण झालं तर ओरडू नकोस, जुनं असेल ते घे आणि पुढे चल. शेजारी लिहिणाऱ्याने एक शब्द टाकला होता, 'तात्पुरतं'. लिहिणारा होता सी जवाद. तारीख गेल्या वर्षीची, रमजान लागायच्या दोन दिवस आधीची.

सिहाम हसली, पण ते हसू कडवट होतं. गेल्या वर्षीही हेच भांडण झालं असणार, ती सुट्टीवर होती, आणि मालकाने सोडवायच्या ऐवजी भांडणाचं तोंड दाबलं होतं. ठीक आहे, घाईत माणूस असं करतो. ती ओळ पुसायला तिने बोट उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

तोंड दाबलं, म्हणजे वर्षभर सर्व्हरवर जुनं कोष्टक चालत होतं. आणि गेल्या वर्षी घड्याळ पुढे जायची तारीख आधी ठरली होती त्यापेक्षा आठवडाभर अलीकडे आली होती. नव्या कोष्टकात ते होतं. जुन्यात नव्हतं. ईदनंतरचा तो एक आठवडा सर्व्हर मागच्याच तासात जगत होता.

तिने गेल्या वर्षीची आवृत्ती सर्व्हरच्या जुन्या मांडणीसकट जशीच्या तशी उभी केली, तारीख त्या सोमवारची लावली आणि लाला बतूलची फेरी सात वाजताची टाकली. ऑफिसचा पडदा म्हणाला, सात. मग तिने ड्रायव्हरच्या फोनसारखा फोन जोडला. फोनमधलं कोष्टक फोनचं, ते नवं, म्हणून सर्व्हरचे मागच्या तासातले सात त्याने पुढच्या तासात मोजले. फोनवर आकडा उमटला, आठ.

तिने ते तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा आठ.

मग तिला गेल्या वर्षीचा गुरुवार आठवला. केंद्राचे डॉक्टर चौकशीला आले होते. सी जवादने तिला हाक मारली, सिहाम, जरा दाखव यांना. तिने उभ्या उभ्या स्वतःचा लॅपटॉप उघडला, तारीख घातली, फेरी टाकली. इकडे सात, तिकडे सात. "माझ्याकडे बरोबर चालतंय," ती म्हणाली. दाराशी बा अलाल टोपी हातात धरून उभा होता. त्याचा फोन सोमवारीच काढून घेतला होता, त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं. तो तिच्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याने मान खाली घातली. तिच्या लॅपटॉपवर दाखल्यांचं पॅकेज कधी बसवलंच नव्हतं, म्हणून तिथे भांडण नव्हतं आणि कोष्टक नवं होतं. सर्व्हरवर बघायला दहा मिनिटं लागली असती. तिची बहीण ईदसाठी अगादीरहून आली होती, खाली गाडीत थांबली होती. ती दहा मिनिटं सिहामने दिली नाहीत. पुढच्या रविवारी जुनं कोष्टकही आपोआप ताळ्यावर आलं आणि कुठेच काही खूण उरली नाही.

दोन वाजता सी जवाद पांढऱ्या पायघोळ जिलाब्यात, पोटभर जेवून परतला. सिहामने त्याला खुर्चीत बसूही दिलं नाही. पडदा आणि फोन त्याच्यापुढे धरले. त्याने सात बघितले, आठ बघितले. समजायला त्याला वेळ लागला नाही, तो काही मूर्ख नव्हता. त्याने दार लावून घेतलं.

आता यातून काय निघणार, असं त्याने विचारलं. दोष सापडला, छान झालं, ओळ काढ, नवं कोष्टक बसव, पाचच्या आत पाठव, परवापासून गाड्या वेळेवर पोचतील. गेल्या वर्षीचं उकरून कुणाचं भलं होणार आहे? म्हातारी बरी झाली. अलालला काहीतरी काम मिळालंच असेल.

"तो मंडईपाशी गाड्या राखतो, सी जवाद. उन्हात, निळा कोट घालून. मी रोज तिथून जाते आणि मान वळवून जाते."

"मग वळवत जा. केंद्रांना कळलं तर तिन्ही करार जातील. इथे नऊ माणसं जेवतात."

"दहावा त्याला धरा."

सी जवादने डोळे मिटून उघडले. मग तो अगदी हळू बोलला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "ओळ मी लिहिली. कबूल. पण डॉक्टरांपुढे बरोबर चालतंय असं कोण म्हणालं? मी म्हणालो? मला तर यातलं काही दाखवता येत नाही. तुझ्या तोंडावर विश्वास ठेवून त्याला काढलं. बोलायचंच असेल तर आधी स्वतःचं नाव घे."

तिला वाटलं होतं की तो गयावया करेल किंवा थयथयाट करेल. त्याने दुखऱ्या जागीच बोट ठेवलं. खरं बोलून तोंड बंद करणाऱ्या माणसाचा राग सगळ्यात जास्त येतो, कारण त्याला उलटून काही बोलता येत नाही. ती आपल्या टेबलाशी आली आणि कामाला लागली, कारण काही झालं तरी परवा गाड्या निघणार होत्या आणि त्यांत बसणाऱ्या माणसांनी काही गुन्हा केला नव्हता.

दाखल्यांचं जुनाट पॅकेज तिने मुळासकट उपटून काढलं. दाखला छापायला लागतं तरी काय, नाव, तारीख, शिक्का. ते तिने आणि मुनीरने मिळून अडीच तासांत हाताने लिहिलं. मध्येच तिने मुनीरला सांगितलं की सकाळी तिचं चुकलं. त्याने मान न वळवता, असू दे बाई, तू रागावली नसतीस तरच मी घाबरलो असतो, असं म्हटलं. तात्पुरती ओळ तिने पुसली. पावणेपाचला बिल्ड लावला. तो शेवटपर्यंत गेला आणि हिरवा झाला. तिने सर्व्हरवर तपासलं, फोनवर तपासलं, मुनीरच्या लॅपटॉपवर तपासलं आणि शेवटी, नाइलाज म्हणून, स्वतःच्या.

प्रत्येक आवृत्तीबरोबर केंद्रांना एक टिपण आपोआप जायचं, काय बदललं ते सांगणारं. नेहमी दोन ओळी असायच्या आणि त्या कुणी वाचत नसे. सिहामने आज लिहिलं, की रमजानच्या वेळा दुरुस्त केल्या आहेत. मग लिहिलं, की गेल्या वर्षी ईदनंतरच्या आठवड्यात आमच्या सर्व्हरवर जुनं कोष्टक होतं, त्यामुळे ड्रायव्हरच्या फोनवर प्रत्येक फेरी तासभर उशिरा दिसत होती. ड्रायव्हर अलाल यांची चूक नव्हती. सगळं बरोबर आहे असं मी, सिहाम लामरानीने, न तपासता सांगितलं, तेही चूक होतं. सी जवादचं नाव तिने घातलं नाही. त्याची ओळ त्याच्या नावासकट सर्व्हरच्या नोंदीत होती, डॉक्टरांनी विचारलं तर ती दाखवायला ती तयार होती. तिने पाठवण्याचं बटण दाबलं.

सात मिनिटांनी आतल्या खोलीत फोन वाजला. आणखी दोन मिनिटांनी सी जवाद दारात आला. चेहरा लालबुंद, पण बोलला एकच वाक्य. "सोमवारपासून येऊ नकोस." तिने लॅपटॉप मिटून टेबलावर ठेवला, तो कंपनीचा होता, आणि जिना उतरली.

मंडईपाशी अजून चांगलं ऊन होतं. बा अलाल एका पांढऱ्या गाडीला हाताने खुणा करून मागे घेत होता. तिला बघून त्याने ओळख दाखवली नाही, पण ओळखलं होतं. तिने सलाम केला आणि घसा साफ करायच्या भानगडीत न पडता सांगून टाकलं. फोनवर आठच होते, बा अलाल. दोष आमचा होता. मी न बघता खोटं ठरवलं तुम्हाला. केंद्राला लिहून कळवलंय.

त्याने पांढरी गाडी नीट लागेपर्यंत हात खाली केला नाही. मग विचारलं, "आठ?"

"आठ."

"तू दाखवलंस तेव्हा सात होते."

ते का, हे तिने सांगितलं. माझ्या मशीनवर नवं कोष्टक होतं आणि तिकडे जुनं, वगैरे. त्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

"तीन दिवस मी आठ म्हणत होतो," तो म्हणाला. "सोमवार, मंगळवार, बुधवार. गुरुवारी तू ते यंत्र उघडलंस. मी म्हटलं, शिकलेली पोर आहे, तिला काय पडलंय खोटं बोलायचं. शुक्रवारपासून मी सात म्हणायला लागलो. लाला बतूलच्या घरी जाऊन तिच्या पायाशी बसलो, म्हटलं, आई, मी घड्याळ चुकलो. कळतंय तुला? मी चुकलो नव्हतो, आणि तरी मला आठवायला लागलं होतं की मी चुकलो."

मला माफ करा, असं काहीतरी ती पुटपुटली.

"माझं राहू दे," बा अलाल म्हणाला. "माझ्या बायकोने, तामोने, बघितला होता तो आकडा. आदल्या संध्याकाळी फोन तिच्या हातात होता. मशिदीतल्या वर्गात या वयात आकडे शिकली ती, मिळेल ते वाचत सुटायची. म्हणाली, उद्या आठला आहे, सावकाश ऊठ. वर्षभर ती तेच म्हणतेय. आणि मी तिला काय म्हटलं? तिच्या भावांसमोर म्हटलं, हिला आकडा वाचता येत नाही, हिचं ऐकून मी बुडालो. तिने वर्गाला जाणं सोडलं." त्याने निळा कोट उतरवून एका गाडीच्या टपावर आपटला. "मला कशाला सांगतेस? चल, तिला सांग."

गाड्या तशाच सोडून तो निघाला. सिहाम त्याच्या मागे दोन गल्ल्या चालली. त्याने एकदाही वळून बघितलं नाही. घराच्या दारावर त्याने थाप मारली आणि स्वतः बाजूला झाला, तिला पुढे करून. दार उघडलं. लाला तामोचे हात पिठाने भरले होते. तिने आधी अनोळखी बाईकडे बघितलं, मग तिच्या मागे भिंतीला टेकलेल्या नवऱ्याकडे.

"सांग," तो म्हणाला.

"लाला तामो, फोनवर आठच होते," सिहाम म्हणाली. "तुम्ही बरोबर वाचलं होतं."

लाला तामोने सिहामला काही विचारलं नाही, ती कोण, कुठून आली, कशावरून सांगते. ती नवऱ्याकडेच बघत होती.

"मला माहीत होतं," ती त्याला म्हणाली. "मी वर्षभर काय सांगत होते? तुला पटवायला बाहेरची बाई आणावी लागली."

ती पीठ मळायला आत गेली. दार तिने लावलं नाही, पण त्या दोघांपैकी कुणालाही आत पाऊल टाकायचा धीर झाला नाही.